चार गिअर मागे, एक पुढे!

मारुती व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून मे महिन्यात ज्यांनी मुंबई ते सावंतवाडी असा प्रवास केला आहे, त्यांना त्या गाडीचे इंजिन कुठे होते हे वेगळे सांगायला नको. बुडाखालून जी धग येई तिचा उगम तोच. मेकॅनिकला इंजिन पाहायचे असले की आधी माणसे खाली उतरायची, मग सीट वर व्हायची आणि मग कुठे ते ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे यंत्र नजरेस पडायचे. १९८४ मध्ये आलेली, पुढे ‘ओम्नी’ म्हणून घराघरांत पोहोचलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली. भाजीवाल्यापासून शाळेच्या पोरांपर्यंत सर्वांना वाहून नेणारी ही गरीब गाय थोडी ओढूनताणून का होईना, पण फेरारीच्या जातकुळीतली होती, असे म्हटले तर कुणाचा विश्वास बसणार नाही. इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान, आणि जोर मागच्या चाकांना. यालाच मोटारींच्या जगात ‘मिड-इंजिन’ म्हणतात.

स्पोर्ट्स कारमध्ये मात्र हे इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असते. एवढा खटाटोप कशासाठी, तर वळणांसाठी. फुगडी घालणाऱ्या मुली हात आखडून जवळ आल्या की गरकन फिरतात आणि लांब झाल्या की गती मंदावते. मोटारीचेही तसेच. सर्वांत जड वस्तू, म्हणजे इंजिन, गाडीच्या मध्याजवळ आली की नाक चटकन वळते. शिवाय मागच्या चाकांवर वजन पडल्याने त्यांची पकड वाढते. यात एक धोकाही आहे. जी गाडी चटकन वळते ती चटकन गिरकीही घेते. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर मागची बाजू पुढे येऊ पाहते, आणि सावरायला वेळ फार थोडा मिळतो.

अशी गाडी कारखान्यातून विकत घ्यायची तर खिसा मोठा हवा. म्हणून इंग्लंडात आणि अमेरिकेत ती घरच्या गॅरेजमध्ये बांधणाऱ्यांचा एक पंथच आहे. इंग्लंडात या पंथाला सरकारच्या कराने खतपाणी घातले. तयार मोटारीवर तिथे खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. मग लोटससारख्या कंपन्या गाडीच सुटी करून विकू लागल्या. संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायला बंदी होती, म्हणून गाडी ‘खोलण्याच्या’ सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या शेवटून सुरुवातीकडे वाचे, असे गमतीने सांगितले जाते. एप्रिल १९७३ मध्ये तिथे व्हॅट आला आणि ही सवलत संपली. पण तोवर लोकांना चटक लागली होती, ती कायमची.

आता असाच एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. चाळिशीचा, नोकरदार, हाताने वेल्डिंग करू शकणारा. घरामागे एक मोटार मावेल एवढे गॅरेज. बायकोने दोन वर्षांची मुदत दिलेली आहे आणि तिला मनातून ठाऊक आहे की याला पाच लागणार. पोलादी नळ्यांचा सांगाडा तो स्वतः जोडेल, बॉडीही बनवेल. पण इंजिन आणि गिअरबॉक्स काही घरी ओतता येत नाहीत. ते कुठल्यातरी जुन्या, अपघातात चेपलेल्या गाडीतून काढावे लागणार. नेमके कुठल्या? या एका प्रश्नावर त्याची पाच वर्षे, घरखर्चातून वाचवलेले पैसे आणि पुढे त्याची मानही अवलंबून आहे.

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. तो आधी इंजिन निवडतो. किती हॉर्सपॉवर, किती सिलिंडर, आवाज कसा, हेच त्याच्या डोक्यात असते. अनुभवी माणूस आधी गिअरबॉक्स शोधतो. कारण इंजिने ढिगाने मिळतात, मागच्या चाकांजवळ गिअर आणि डिफरन्शियल एकाच डब्यात असलेला गिअरबॉक्स मात्र दुर्मीळ. आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत इंजिन पुढे, त्याला चिकटून गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागे डिफरन्शियल अशी वरात असते. मिड-इंजिन गाडीत ही वरात मांडायला जागाच नाही. सगळे एका गाठोड्यात हवे. अशा गाठोड्याला ‘ट्रान्सअ‍ॅक्सल’ म्हणतात.

हे गाठोडे आणायचे कुठून याचे उत्तर लंडनजवळच्या सर्बिटन गावातल्या एका बापलेकांनी फार पूर्वी दिले आहे. चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांचे तिथे गॅरेज होते. १९४६ मध्ये, युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत, त्यांनी फियाटच्या दोन चिमुकल्या टोपोलिनो गाड्यांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि मध्ये मोटारसायकलचे ५०० सीसीचे जॅप इंजिन ठेवले. ते चालकाच्या मागे का ठेवले? यामागे काही थोर शास्त्र नव्हते. मोटारसायकलला साखळी असते, आणि साखळी मागच्या चाकांजवळ असली की काम सोपे, इतकेच. पुढे त्यांना मोठे इंजिन हवे झाले तेव्हा साखळी पुरेना. १९५५ साली त्यांनी जी छोटी स्पोर्ट्स कार केली तिच्यात कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स कंपनीचे १०९८ सीसीचे इंजिन होते. या इंजिनाचा जन्म आगीच्या बंबासाठी झाला होता! बंबवाल्यांना उचलून पळता यावे म्हणून ते हलके केलेले, आणि हलकेपणा तर शर्यतवाल्यांनाही हवाच होता. गिअरबॉक्स आणला फ्रान्समधल्या सिट्रोएन ‘ट्रॅक्शन अव्हाँ’ या कौटुंबिक गाडीतून. १९३४ पासून बनणाऱ्या त्या गाडीत पुढच्या चाकांना जोर मिळे, गिअरबॉक्स अगदी नाकात आणि इंजिन त्याच्या मागे. कूपरनी ते अख्खे गाठोडे उलटे फिरवून गाडीच्या मागच्या भागात बसवण्याची युक्ती वापरली. गिअरबॉक्स गेला शेपटीला, इंजिन आले चालकाच्या पाठीशी. आगीच्या बंबाचे हृदय आणि फ्रेंच गृहिणीच्या गाडीचे पाय! याच घराण्यातल्या गाडीने जानेवारी १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉसच्या हातून अर्जेंटिनाची ग्राँ प्री जिंकली. १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षे जॅक ब्रॅबहॅमने कूपरमधून जगज्जेतेपद मिळवले. पुढे इंजिन ठेवणारे सगळे दिग्गज मुकाट्याने आपापली इंजिने मागे न्यायला लागले.

मात्र गाठोडे उलटे फिरवण्यात एक मेख आहे, आणि आपल्या गॅरेजमधल्या गृहस्थाची खरी परीक्षा तिथेच. घरात मुलांची चावीची मोटार असेल तर चावी भरून जमिनीवर सोडा. ती खिडकीकडे धावते आहे. आता उचलून तिचे तोंड फिरवून ठेवा. चाके तशीच फिरताहेत, पण गाडी आता दाराकडे पळेल. पुढच्या चाकांचे गाठोडे तोंड फिरवून मागे बसवले की नेमके हेच होते. पहिला टाकला की गाडी मागे, दुसरा टाकला की आणखी जोरात मागे. चार गिअर मागे जायला आणि पुढे जायला एकच, तोही रिव्हर्सचा!

यावर उपाय आहेत, पण प्रत्येक गिअरबॉक्सला ते लागू पडत नाहीत. डिफरन्शियलमधले मोठे दातेरी चाक, ज्याला आपले मेकॅनिक क्राउन म्हणतात, ते पिनियनच्या एका बाजूला असते. ते काढून दुसऱ्या बाजूला बसवले की फिरण्याची दिशा उलटते. लोटसने १९६६ च्या अखेरीस ‘युरोपा’ नावाची गाडी आणली तेव्हा हेच केले. रेनो-१६ या साध्या कौटुंबिक गाडीचे १४७० सीसीचे इंजिन आणि चार गिअरचा डबा घेतला, तोंड फिरवले, क्राउन पलीकडे नेला आणि सहाशे किलोंच्या आसपासची एक सुंदर गाडी उभी केली. फोक्सवॅगन बीटलच्या डब्यातही क्राउन असा पालटता येतो, म्हणून घरी गाड्या बांधणाऱ्यांचा तो जुना लाडका. हा बीटलचा डबा असा गुणी की माइक ह्यूलंड यांनी शर्यतीच्या गाड्यांचे आपले सुरुवातीचे गिअरबॉक्स त्याच्याच कवचात बनवले. पण ज्या डब्यात क्राउनला पलीकडे जागाच ठेवलेली नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा लागतो. विकत घेण्यापूर्वी डबा उघडून पाहणे, निदान उघडलेला कुणी पाहिला असेल तर त्याला विचारणे, यात कमीपणा नाही.

दुसरा मार्ग अधिक सरळ. १९५९ मध्ये ब्रिटनची ‘मिनी’ आली आणि इंजिन आडवे ठेवण्याची चाल रूढ झाली. आपल्याकडची मारुती ८०० आडव्या इंजिनाचीच. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि डिफरन्शियल असे सगळे आडवे, पुढच्या चाकांना जोडलेले. हे गाठोडे तोंड न फिरवता जसेच्या तसे उचलून मागच्या चाकांना जोडले तर दिशेचा प्रश्नच येत नाही. इंजिन पूर्वीही चाकांच्या रेषेच्या थोडे पुढे होते, आताही पुढेच, म्हणजे आपोआप मिड-इंजिन! फियाटने १९७२ मध्ये ‘एक्स वन-नाइन’ गाडी अशीच केली, फियाट-१२८ चे यंत्र मागे नेऊन. १९८४ ची टोयोटा एमआर-टू आणि १९९६ ची लोटस एलिस याच वाटेने आल्या. आज घरी गाडी बांधणाऱ्याने, फार मोठी महत्त्वाकांक्षा नसेल तर, हीच वाट धरावी. होंडा किंवा टोयोटाचे १६०० ते २००० सीसीचे आडवे इंजिन, त्याच्याच गिअरबॉक्ससह.

‘त्याच्याच गिअरबॉक्ससह’ हे शब्द महत्त्वाचे. एका कंपनीचे इंजिन आणि दुसरीचा गिअरबॉक्स यांचे लग्न लावता येते, पण मध्ये जोडपट्टी हवी, क्लच जुळवायला हवा आणि दोन शाफ्ट एका रेषेत केसाएवढ्या अचूकतेने यायला हवेत. रेषा चुकली की बेअरिंग ओरडू लागते. त्यात हल्लीच्या इंजिनांना मेंदू असतो. तो मेंदू, तारांचे जंजाळ आणि चोरीविरोधी चावीसुद्धा त्याच गाडीतून आणली नाही तर सगळे जुळूनही इंजिन सुरू होत नाही. म्हणून जाणकार सुटे इंजिन घेत नाहीत, अख्खी चेपलेली गाडीच घेतात. लागणारे भाग काढून घेतले की उरलेली गाडी भंगारात विकता येते आणि खर्चही निघतो.

आता थोडे आकड्यांकडे. घाबरण्यासारखे काही नाही, किराणा मालाच्या यादीहून सोपे आहे. समजा, टायरचा एक फेरा म्हणजे १.८ मीटरच्या किंचित वर अंतर. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ९१८ फेरे घेते. वरच्या गिअरचे प्रमाण ०.८५ आणि डिफरन्शियलचे ४.१ असेल तर त्या वेळी इंजिन ३२०० फेरे घेत असणार. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ धरले तर इंजिन ६५०० फेऱ्यांना पोहोचेस्तोवर गाडी ताशी जेमतेम ४९ किलोमीटरवर. हे प्रमाण पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन चढण चढण्यासाठी आखलेले. सातशे किलोंच्या गाडीत तो पहिला गिअर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतो, आणि लांबच्या प्रवासात इंजिन उगाच केकाटते. त्याच डब्यात ३.४ चे डिफरन्शियल बसवता आले तर पहिला ताशी ५९ पर्यंत जातो आणि शंभराच्या वेगाला इंजिन २६५० फेऱ्यांवर निवांत राहते. डिझेल गाड्यांच्या डब्यात असे लांब प्रमाण असते, म्हणून चतुर मंडळी तिकडे नजर ठेवून असतात.

गिअरबॉक्स मोडेल का, ही भीती सर्वांनाच असते. हलक्या गाडीचा यात एक फायदा आहे. १४० न्यूटन-मीटरचे इंजिन पहिल्या गिअरमध्ये चाकांपाशी साडेसहाशे किलोंहून अधिक रेटा देते. पण चालकासह पावणेआठशे किलोंच्या गाडीत मागच्या चाकांवर वजन असते साडेचारशेच्या आसपास. रस्त्यावरचे टायर त्याहून फारसा रेटा जमिनीला देऊ शकत नाहीत, ते जागच्या जागी घसरतात. म्हणजे टायर हाच गिअरबॉक्सचा फ्यूज. जड सेदान गाडीत राबलेला डबा इथे सुखाने नांदतो. फ्यूज काढून तिथे जाड तार लावावी तसे काहीजण शर्यतीचे चिकट टायर चढवतात, आणि मग दात तुटल्याचा आवाज ऐकून आश्चर्य करतात.

पैसा ओतला म्हणजे सारे सुटते असेही नाही. फोर्डने फेरारीला हरवण्यासाठी जीटी-४० ही मिड-इंजिन गाडी बांधली आणि १९६४ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तीन गाड्या उतरवल्या. एक आगीने गेली. उरलेल्या दोन गिअरबॉक्सने घालवल्या. इंजिने बिचारी धडधाकट होती.

मोटारसायकलच्या इंजिनाचा मोह तरुणांना फार. हलके, दहा हजारांपर्यंत फेरे घेणारे, गिअरबॉक्स पोटातच. कूपर बापलेकांनी सुरुवात तिथूनच केली होती ना! पण मोटारसायकल वळताना कलते आणि तेल तळाशीच राहते. चारचाकी कलत नाही. लांब वळणात तेल एका बाजूला सरकते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि काही सेकंदांत बेअरिंग जळते. त्यासाठी तेलाच्या तळात आडोसे घालावे लागतात. शिवाय बहुतेक मोटारसायकलींना मागे जायचा गिअर नसतो. पार्किंगमध्ये स्पोर्ट्स कार ढकलणारा माणूस किती केविलवाणा दिसतो हे सांगायला नको.

निवड झाली म्हणजे काम संपले असे नाही, पण बाकीच्या गोष्टी निवडीतूनच निघतात. इंजिन मागे आणि रेडिएटर बहुधा नाकात, म्हणजे पाण्याच्या लांब नळ्या आल्या. त्यांत हवा अडकली तर इंजिन तापणार, म्हणून पाणी भरायची टाकी सर्वांत उंच जागी हवी. गिअरचा दांडा पुढे, डबा मागे, मध्ये इंजिन. युरोपात लोटसने त्यासाठी लांबलचक दांडी नेली होती आणि गिअर टाकणे म्हणजे दह्याच्या हंडीत पळी फिरवण्यासारखे झाले होते. ज्या डब्याचे गिअर मुळातच केबलने बदलतात तो घेतला तर ही कटकट बरीच वाचते. सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जिवावरची गोष्ट आणखी वेगळीच. पुढच्या गाडीचे सस्पेन्शनही तसेच उचलून मागे लावले, तर एकेकाळी स्टिअरिंगला जोडलेले दांडे आता मागे येतात. ते सांगाड्याला पक्के बांधावे लागतात. एकाचा सांधा जरी सैल झाला तरी ताशी शंभराच्या वेगाला मागचे चाक स्वतःच्या मर्जीने वळू लागते. गाडीच्या दिखाऊ रंगावर महिना घालवणारे लोक या दोन बोल्टांवर दहा मिनिटे घालवत नाहीत.

इंग्लंडात अशा एकुलत्या एका गाडीसाठी सरकारी परीक्षा आहे. १९९८ पासून ती एका नावाने होती, २००९ पासून दुसऱ्या. इंजिन कुठल्या वर्षाचे यावरून धुराची कसोटी ठरते, तेव्हा निवड करताना साल पाहणेही आले. आपल्याकडे हा मार्ग खडतर. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे नमुन्याची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून करून घ्यावी लागते. हा मामला कारखानदारांचा, परसातल्या हौशी माणसाचा नव्हे. जुन्या गाडीत मनासारखे बदल करावेत तर मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. म्हणून इथली हौस बहुतेक शर्यतीच्या ट्रॅकवर भागली. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवून ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्या घडवल्या, आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाड्यांतून पळाला. आज इंजिनिअरिंग कॉलेजांची मुले स्पर्धेसाठी गाडी बांधतात तेव्हा केटीएम मोटारसायकलचे ३९० जातीचे इंजिन पाठीशी घेतात. दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात आली; विक्रीच्या गाडीच्या पोटातही रेनोचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन आडवे बसवलेले असे.

आपला गृहस्थ मात्र अजून गॅरेजमध्येच आहे. आडव्या इंजिनाऐवजी त्याने मोह होऊन उभे इंजिन आणि क्राउन पालटलेला डबाच घेतला. पाच नव्हे, साडेसहा वर्षे झाली. आज मागची चाके जॅकवर उचलून, लाकडी ठोकळ्यांवर गाडी टेकवून त्याने इंजिन पहिल्यांदा सुरू केले आहे. क्लच दाबून तो पहिला गिअर टाकतो. आत बसल्या जागेवरून त्याला मागची चाके दिसत नाहीत. म्हणून बायकोला दाराशी उभे केले आहे. तो अलगद क्लच सोडतो. ती वाकून बघते, एकदा त्याच्याकडे पाहते आणि हाताने खूण करते, पुढे.